बारी उघड

आई, सुनेनं मोटार घेतली. बाहेरून फार मोठी नाही, आपल्या गोत्रीच्या सोसायटीत दोन स्कूटरींच्या मधे मावते, पण आत बसलं की उंच वाटतं, पुढच्या रिक्षाच्या टपावरून रस्ता दिसतो. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि होतीस तेव्हा मोटारीचं नुसतं नाव काढलं तरी तुझ्या तोंडाला पाणी सुटायचं, खाण्याचं नव्हे, ते दुसरं, मळमळीचं, हे मला आता कळतंय. म्हणून तर तुलाच लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला यातलं कळायचं नाही. चौथीनंतर माझी पाटी तूच काढून घेतलीस, तेव्हा अक्षराला नाव ठेवायचं नाही.

गाडीत काय काय आहे ते ऐक. मधोमध टीव्हीएवढा पडदा. गाडी मागे घेताना त्या पडद्यावर आपली गाडी वरून दिसते, कुणी झाडावर बसून बघत असल्यासारखी. सीटला बारीक भोकं आहेत, बटण दाबलं की खालून गार वारा येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी दचकून उठले आणि डोकं छताला आपटलं. ते छतही सरकतं. बडोद्याच्या उन्हात छताला भोक कशाला ते मला अजून समजलेलं नाही, पण तुझे जावई दिवसातून दोनदा ते उघडून वर बघतात आणि खूश होतात. मागच्या सीटलाही एसीची वेगळी जाळी आहे, म्हणून ते मागेच बसतात, पाय पसरून, जहागीरदारासारखे.

आणि गाडी बोलते. सून गुजराती आहे, तुला माहीत नाही, तुझ्या नंतरची. चांगली आहे, पण सगळ्याचं प्रात्यक्षिक करून दाखवायची खोड आहे. सोसायटीतल्या सोसायटीत गाडी फिरवताना स्टिअरिंगवरचं बटण दाबून म्हणाली, "बोला मम्मी, काही पण बोला, गाडी ऐकते." मी काय बोलणार? आत नव्या प्लास्टिकचा, नव्या रबराचा वास कोंडलेला, पोटात ढवळायला लागलेलं. म्हटलं, "बारी उघड." आपण घरात खिडकीला बारीच म्हणतो ना, गुजराती बोलून बोलून तोंडात बसलेलं. पुण्याच्या नणंदा त्यावरून अजून हसतात. तर पडद्यातली बाई हिंदीत म्हणते, "वडोदरा में आज बारिश की संभावना नहीं है." तुझे जावई मागे इतके हसले की सोसायटीचा वॉचमन बघायला आला. मीही हसले आणि गुडघा दुखतोय सांगून खाली उतरले. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. आणखी एक वळण गाडी गेली असती तर त्यांच्या नव्या सीटवर सगळं बाहेर आलं असतं. ट्रेनमध्ये मला काही होत नाही, दार उघडं असतं. बंद मोटारीत होतं. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. तुझ्याकडून घेतलेलं मी लपवून ठेवलं होतं.

तुझ्या स्वयंपाकघराला बारी नव्हती. वर हातभर झरोका, तोही धुरानं काळा. पोळ्या झाल्या की तू उंबऱ्यावर येऊन बसायचीस, पदरानं वारा घ्यायचीस, आणि आम्ही कुणी दारात उभं राहिलो तर ओरडायचीस, "हवा सोड माझी!" तो ओरडा मला अजून ऐकू येतो. आणि डभोईची ती बस. कुणाच्या तरी लग्नाला निघालो आहोत, मी आठ-नऊ वर्षांची, तू जांभळं लुगडं नेसलेली. बस सुटते आणि थोड्याच वेळात तुझा चेहरा पिठासारखा होतो. तू म्हणतेस, "बारी उघड गं, बारी उघड." मी दोन्ही हातांनी ओढते, काच गंजलेल्या खाचेत अडकलेली, हलत नाही. कंडक्टर पुढून ओरडतोय, "ओ बेन, बारी खोलो ने!" जसं काही आम्ही मौज म्हणून बंद ठेवली होती. मग जे व्हायचं ते तुझ्या पदरात झालं. बायकांनी नाकाला रुमाल लावले. तू बस थांबवलीस, मला घेऊन उतरलीस, आणि आपण लग्नाला न जाता पायी परत आलो. वाटेत एका विहिरीवर तू पदर धुतलास आणि म्हणालीस, "घरी सांगायचं, लग्न छान झालं." मी सांगितलं. जिलबी होती असंही सांगितलं.

त्यानंतर बडोद्यात तू सगळीकडे पायीच. रिक्षाही नाही, रेल्वेही नाही. आणि मला तू दिलीस करजणला, गाडीनं तासाभराच्या गावी! मी तिथं संसार केला, दुसरं बाळंतपण तिथंच झालं, आणि तू एकदाही आली नाहीस. पोरीच्या बारशाला कुणाबरोबर तरी दुपटं पाठवलंस, डिंकाचे लाडू पाठवलेस आणि निरोप पाठवलास, "आमच्यात लेकीच्या घरचं पाणी घेत नाहीत." सासूबाई त्यावरून मला बारा महिने बोलायच्या. "तुझी आई म्हणजे काय बाई राजघराण्यातली, आमचं पाणी बाटतं तिला." मी पण तेच समजून बसले, की तुला मोठेपणाचा वारा लागलाय. ती बस मला आठवत नव्हती असं नाही. मला वाटायचं, बस वाईट होती. एकदा झालं, संपलं.

आम्ही नंतर बडोद्याला आलो, पण माझी पोर आता करजणमध्येच आहे, शाळेत बरोबर असलेल्या तिथल्याच मुलाशी लग्न केलं तिनं. तिला दुसरी मुलगी झाली. बारसं ठरलं. मी म्हटलं, मी ट्रेननं जाते. पण पाळणा, चांदीचं ताट, बुंदीचे डबे, एवढं घेऊन ट्रेननं कोण जाऊ देतंय? माझा मुलगा आदल्या दिवशीच तिकडे मांडवाच्या तयारीला गेलेला. सकाळी सूनबाई गाडी दारात लावून हॉर्न वाजवतेय, मी पैठणी नेसून दारात उभी, आणि पाय पुढे पडेना. आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर, "तुम्ही जा. आमच्यात लेकीच्या घरचं पाणी घेत नाहीत."

सून खाली उतरली. "मम्मी, गेल्या महिन्यात तर तुम्ही तिथं बे वाटकी श्रीखंड खाऊन आलात! त्रीजी मागितली होती!"

आई, मी चपलांच्या कपाटावर मटकन बसले. तुझंच वाक्य, तोच ताठ आवाज. ते वाक्य आतून कसं असतं ते मला तेव्हा कळलं. त्यात मोठेपणा कणभर नसतो. नुसती भीती असते, की चांगलं लुगडं नेसून लेकीच्या दारात जायचं आणि सगळ्या व्याह्यांसमोर पदर धरून उतरायचं.

मी सुनेला सांगून टाकलं, मला गाडी लागते. माझ्या आईलाही लागायची. ती म्हणाली, "बस? एटलुंच? मम्मी, आधी नाही बोलायचं?" तिनं एसीच्या जाळीला अडकवलेली अत्तराची डबी काढून टाकली. मला पुढे बसवलं, सीट वर घेतली, पाठ सरळ केली, खालचा वारा चालू केला. म्हणाली, पडद्याकडे बघायचं नाही, लांब रस्त्याकडे बघायचं. तुझे जावई मागून म्हणाले, "एवढी वर्षं संसार झाला, मला माहीत नाही?" मी म्हटलं, तुम्ही विचारलं कधी?

शहर सुटेपर्यंत बरी होते. वारा गार येत होता, सीट कमरेला धरून होती, खरं सांगते, सुख वाटत होतं. मग हायवेवर ट्रकच्या मागे गाडी हळू व्हायची, परत सुटायची, हळू व्हायची, सुटायची. घशाशी आलं. एका हातात लिंबू, दुसरा हात तोंडावर, दारावरची बटणं कोण शोधतंय! पैठणीकडे बघितलं आणि मला तुझं जांभळं लुगडं दिसलं. मी म्हटलं, "बारी उघड." कुणाला म्हटलं, मला माहीत नाही.

आणि काच खाली गेली. आवाज न करता, एका दमात, पार खालपर्यंत. वारा तोंडावर आला, धूळ आली, डिझेलचा वास आला, काही का असेना, हवा होती. मी डोकं टेकून डोळे मिटले आणि पोट हळूहळू जागेवर बसलं.

"जोयुं मम्मी? बघितलं?" सून समोर बघत म्हणाली. "गाडी मराठी शिकली."

"बडोद्याची मराठी," मागून हे म्हणाले.

करजणपर्यंत मी आणखी तीनदा म्हटलं, तीनदा काच गेली. पैठणीला डाग नाही. लेकीच्या दारात मी ताठ उतरले, पाणी मागून घेतलं, तिनं दिलं ते उभ्यानंच प्यायले, आणखी एक पेला मागितला. पाळण्यात तुझंच दुपटं अंथरलं होतं, तिनं जपून ठेवलेलं. नाव ठेवलं. बायका म्हणाल्या, गाडीत काय काय आहे सांगा, तर मी सगळ्यांना सांगितलं की गाडीला माझं बोलणं कळतं.

हे पाठवायचं कुठे, तुझा पत्ता कुणाकडे आहे! राहील माझ्याच कपाटात. एकच राहिलं. सगळ्या काचांची बटणं सुनेच्या बाजूच्या दारावरही आहेत, आणि मी म्हटलं तेव्हा तिचं बोट हळूच तिकडे गेलेलं मला पहिल्याच वेळी दिसलं होतं. तिला वाटतंय मला दिसलं नाही. वाटू दे.