समोरचं स्वच्छ दिसतं

१४ सप्टें., रवि.
पहाटे बेसमेंटमध्ये गाडीपाशी उतरलो. कोल्ड स्टार्ट, म्हणजे रात्रभर गार पडलेलं इंजिन चालू करणं. आधी एक खाकरा, मग भडका, मग ती लय. आठ सिलिंडर, पण ठोके एकसारखे पडतच नाहीत, लंगडत चालल्यासारखे पडतात. अमेरिकन व्ही-एटला जग भुलतं ते याच लंगडण्याला. मीही भुललो. ६.४ लिटर, टर्बो नाही, बॅटरीची मदत नाही, नुसतं पेट्रोल पिऊन काढलेली ताकद. दुबईबाहेर वाळवंटातल्या मलिहाच्या रस्त्यावर पाय दाबला, गिअरबॉक्सने दोन गिअर खाली टाकले आणि पाठ सीटमध्ये रुतली. तोंडातून चक्क "आई गं" निघालं. वय वर्षं बावन्न!
परत आल्यावर पार्किंगमध्ये डावा आरसा खांबाला घासला. खांब काही आज उगवलेला नाही. बायकोला सांगितलं, कुणीतरी घासून गेलं. मधुरा म्हणाली, "म्हशीएवढी गाडी घेतल्यावर घासणारच."

१८ सप्टें., गुरु.
चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून म. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओढून घेऊन गेली. एका मशीनमध्ये तोंड घालून बसवलं. मध्ये बघत राहायचं, बाजूला कुठे दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मी बराच वेळ काही दाबलंच नाही. शेवटी विचारलं, मशीन बंद आहे का? तिथली पोरगी म्हणाली, "नो सर, इट इज रनिंग."
काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं गेलंय, आणि गेलेलं परत येत नाही. थेंब घालायचे ते उरलेलं टिकवायला. डॉक्टरीणबाई केरळच्या, बोलायला गोड. "ड्रायव्हिंग अव्हॉइड करो." मी म्हटलं, अव्हॉइड म्हणजे बंद? "माय अ‍ॅडव्हाइस इज स्टॉप. बट आय अ‍ॅम नॉट पोलीस, सर."
टॅक्सीत म. माझा हात धरून बसली होती. एरवी चारचौघांत धरत नाही.

२१ सप्टें., रवि.
घरात बसून प्रयोग. डावा हात बाजूला धरून बोटं हलवली. कानापाशी असताना काही नाही, हळूहळू पुढे आणला तर बराच पुढे आल्यावर एकदम बोटं हजर. काळं दिसत नाही तिथे. अंधारही नाही. तिथे काही नाहीच, आणि नाहीये हेही कळत नाही. हे कुणाला कसं समजवायचं?
इराने बघितलं. "बाबा, व्हॉट आर यू डूइंग?" म्हटलं, योगा.
ऑफिसला मेट्रोनेच जातो, ते एक बरं. गाडी फक्त रविवारची. पहाटेचा रस्ता मोकळा असतो, सरळ असतो. सरळ रस्त्यावर बाजूचं लागतंय कुणाला?

२८ सप्टें., रवि.
जसं घडलं तसं लिहितो.
म. शेजारी होती. मोठा रस्ता सोडून अल कुसैसच्या आतल्या रस्त्याला लागलो होतो, वेग काहीच नव्हता. म. ओरडली. ब्रेक. उजवीकडून आलेला डिलिव्हरीचा मोटरसायकलवाला माझ्या बंपरसमोर आडवा पडलेला. गाडी लागली नाही, त्यानेच ब्रेक मारून अंग टाकलं. गुडघा फुटला, डबे रस्त्यावर. इराहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल.
"अंकल, मैं तो सामने ही था. हॉर्न भी मारा."
हॉर्न. इंजिनात ऐकू आला नाही. ज्या आवाजासाठी गाडी घेतली, त्याच आवाजात.
"दिखा नहीं," म्हटलं. पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं.
म.ने त्याला पाणी दिलं, ओढणीने गुडघा बांधला. मी दवाखान्यात चल म्हणतोय, पोलिसांना बोलावू म्हणतोय, तर तो डबे गोळा करत होता. "खलास अंकल, ऑर्डर लेट हो रहा है." गेलासुद्धा. नाव विचारायचं राहिलं.
तिथून घरापर्यंत दोन सिग्नल. गाडी मीच आणली, म.ला गाडी येत नाही. ती सगळा वेळ डॅशबोर्डला हात टेकून.

२९ सप्टें., सोम.
म. रात्रभर जागी, सकाळी एकदम शांत. "अहो, मी त्या गाडीत बसणार नाही. इराही बसणार नाही. आणि तुम्ही एकटे जायचं नाही."
मी वाद घातला. मला कसली लाज! म्हटलं, नोव्हेंबरमध्ये लायसन्स संपतंय, रिन्यूअलला डोळ्यांची टेस्ट असतेच. नापास झालो की विकतो, शब्द देतो. म. विचार करून म्हणाली, "चालेल. पण तोवर किल्ली देवघरात."
खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. टेस्ट नापास करेल. मला काही ठरवायला नको.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर गाडीची पूजा. बर दुबईहून म.ने झेंडू आणला होता. बॉनेटवर स्वस्तिक, चार चाकांखाली चार लिंबं. नारळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फोडला, बेसमेंटमध्ये पाणी सांडलं तर नातूर, बिल्डिंगचा वॉचमन, आरडाओरडा करतो. तो कोपऱ्यात उभाच होता. त्याला पेढा दिल्यावर म्हणाला, "साब, बहुत दिन से गाडी निकाला नहीं?"
लिंबं चिरडण्यापुरती गाडी पुढे घ्यायची. म. आणि इरा दोन बाजूंना उभ्या राहून हात करत होत्या, जणू विमान लावतायत. मी पाय हलकाच ठेवला, तरी मागचं चाक जागच्या जागी फिरलं आणि लिंबू सणकन उडून शेजारच्या पिकअपवर आपटलं. इरा हसून हसून खाली बसली. म.ही हसली. मग डोळे पुसायला लागली, आणि ते हसण्याचं पाणी नव्हतं.

१२ ऑक्टो., रवि.
बॅटरी बसू नये म्हणून आठवड्यातून एकदा स्टार्ट करायची. म. स्वतः किल्ली घेऊन येते, बाजूला उभी राहते, झालं की परत घेऊन जाते. शाळेतल्या मुलासारखं वाटतं.
आज कोल्ड स्टार्ट उत्तम. थोडं गरम झाल्यावर आवाज खाली येतो, तेव्हा तो कानाने ऐकायचा नसतोच, मांड्यांना कळतो. आमच्या इचलकरंजीच्या घरात यंत्रमागांचा असा हादरा जमिनीतून यायचा. माग बंद पडले की झोपेतून जाग यायची. काय सांगू म.ला, मला वेग नकोय. मला हे हवंय. पण वेगही हवाय, खोटं कशाला बोलू?

५ नोव्हें., बुध.
टेस्ट. मॉलमधलं चष्म्याचं दुकान. म. बरोबर आली, म्हणजे आलीच. भिंतीवरचा तक्ता. एक डोळा झाका, वाचा. दुसरा झाका, वाचा. मी वरपासून शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं. समोरचं मला स्वच्छ दिसतं. दुकानातला पोरगा खूश. "सर, इस एज में, माशाल्ला!"
म. पुढे झाली. "भैया, साइड का नहीं देखते?"
"मॅडम, हमारे यहाँ सिर्फ चार्ट है. साइड का डॉक्टर देखता है."
"डॉक्टर ने तो..." म्हणून म. थांबली आणि माझ्याकडे बघितलं. पुढचं मी बोलावं म्हणून. त्या पोराने कीबोर्डवर बोट धरून विचारलं, "सर, अपलोड कर दूँ?"
"कर दो."
फूडकोर्टात चहा घेतला. चहा संपायच्या आत मेसेज आला, लायसन्स रिन्यू. पुढची कितीतरी वर्षं मी गाडी चालवायला लायक आहे. म. टिश्यू पेपरची घडी घालत होती, उलगडत होती. 

६ नोव्हें., गुरु.
नाश्त्याच्या बशीशेजारी किल्ली ठेवलेली. म. ओट्याशी, पाठ माझ्याकडे.
या देशात पंचवीसेक वर्षं काढली, आणि काय ठरवलं मी? कुठे राहायचं ते व्हिसाने ठरवलं. किती दिवस राहायचं तेही त्यानेच. गावी कधी जायचं ते कंपनीने. सगळ्याला आपलं उत्तर एकच, सिस्टीम काय म्हणते बघू. अप्रूव्ह म्हणाली की हो, रिजेक्ट म्हणाली की नाही. सवयच लागली. आता आयुष्यात एक गोष्ट सिस्टीमने रिजेक्ट करायला हवी होती, तर तिने हिरवी टिकमार्क दिली. कुणाकडे तक्रार करू? मला पास का केलं म्हणून?
आणि "कर दो" मीच म्हटलं.
किल्ली उचलली नाही. ठेवून ऑफिसला गेलो.

१६ नोव्हें., रवि.
थंडी पडली. हवा दाट झाली की या इंजिनाला खरा दम येतो. उन्हाळ्यात बिचारं तापलेली पातळ हवा गिळत असतं, ताकद अर्धीमुर्धी. वर्षातले हे तीन-चार महिने त्याचे.
किल्ली घेऊन खाली गेलो, गाडीत बसलो. स्टार्ट केली. गिअर डीवर टाकला नाही. किती वेळ बसलो कोण जाणे, नातूर काचेवर टकटक करून गेला, धूर होतोय म्हणून.

२३ नोव्हें., रवि.
जाहिरात टाकली होती. एक लेबनीज गृहस्थ आला, वास घेत असल्यासारखा गाडीभोवती फिरला. जाणकार. बिल्डिंगला एक चक्कर मारतो म्हणाला. मी बसलो नाही बरोबर, फुटपाथवर उभा राहिलो. कोपऱ्यावरून तो निघाला आणि माझ्यासमोरून गेला.
आपल्या गाडीचा आवाज मालकाला असा बाहेरून कधी ऐकायला मिळत नाही. आधी छातीत येतो, मग कानात. दुकानातले लोक बाहेर डोकावले. जाताना सूर वर चढत गेला, आणि मी तिथे उभा राहून, या वयात, रडलो.
तो उतरला. "हबीबी, परफेक्ट! व्हाय यू सेल?"
"सॉरी, नॉट सेलिंग," म्हटलं. तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत गेला. म.ला सांगितलं, भाव जमला नाही. तिने विश्वास ठेवला नाही आणि तसं म्हणालीही नाही.

२७ नोव्हें., गुरु.
चालवत नाही. विकत नाही. जेवण जात नाही. म. म्हणते, भिंतीकडे बघत बसता. इरा जेवताना म्हणाली, "बाबा, यू डोन्ट ईव्हन शाउट अ‍ॅट मी एनीमोअर." हिला मी ओरडतो हे आवडत होतं, हे आज कळलं.

३० नोव्हें., रवि.
सकाळी म.ने उठवलं. आंघोळ झालेली, पंजाबी ड्रेस, थर्मासमध्ये चहा. "चला."
"कुठे?"
"तुमच्या मलिहाच्या रस्त्यावर. मला तुमचं हे तोंड बघवत नाही. उजवीकडचं मी बघेन. एकेक सांगत जाईन, बाइक आली, वळतोय, थांबा. तुम्ही फक्त समोर बघा."
म्हटलं, वेड लागलंय का? दोन महिन्यांपूर्वी तूच बसणार नाही म्हणाली होतीस.
"म्हणाले होते. मग काय करू? तुम्ही सांगा, काय करू मी?" आवाज फुटला तिचा. मी किल्ली उचलली.
बेसमेंटमध्ये गेलो तर मागच्या सीटवर इरा. बेल्ट लावून. मागची खिडकी एवढीशी, तिला मान तिरकी करून बाहेर बघावं लागत होतं. "आय अ‍ॅम डूइंग लेफ्ट," म्हणाली. "प्रॉमिस, नो फोन."
म. पुढे बसली, बेल्ट लावला, आरसा नीट केला आणि उजवीकडे तोंड करून तयार. मी स्टार्ट केली. थंडीतला कोल्ड स्टार्ट, असा कधी ऐकला नव्हता. हात गिअरवर ठेवला. दोघी दोन दिशांना बघत होत्या, माझ्याकडे कुणीच नाही.
"चष्मा विसरलो," म्हणून वर आलो. चष्मा डोळ्यांवरच होता. त्यांनाही दिसला असेल.
आता स्वयंपाकघरात उभ्याने हे लिहितोय. खाली गाडी चालू आहे, त्यांना कोंदट वाटू नये म्हणून एसी लावून ठेवलाय. माझं सगळं जे काही आहे ते त्या गाडीत बसलंय आणि माझी वाट बघतंय. जाऊन "उतरा" म्हणायला एक शब्द लागतो. "कर दो" म्हणायला किती सोपं गेलं होतं.
फोन वाजतोय. इरा.