‘वार’ नावाचा रकाना

३ मार्च

ती. स्व. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

भाचीला पाचवा महिना लागला हे वाचून आनंद झाला. तिला तू जिना उतरू देत नाहीस, हे मात्र अतीच. चालू-फिरू दे तिला.

आता माझी फजिती ऐक. ज्या वारेतून बाळ पोटात पोसलं जातं ती बाळंतपणानंतर टाकून न देता तपासायची, हे माझं वीस वर्षांचं काम तुला माहीतच आहे. सोपं मराठी लिही, हा तुझ्यातल्या मास्तरणीचा सल्ला मानून मी दवाखान्यांसाठी फॉर्म केला. तारीख, वार, वजन. दोनशे बारा फॉर्म भरून आले. वारेच्या रकान्यात बुधवार, शनिवार, रविवार! वजनाच्या रकान्यात बाळाचं वजन. एका परिचारिकेने तर ‘सोमवार, दुपार’ असं चोख लिहिलंय.

विभागप्रमुख म्हणाले, अभ्यास गुंडाळा. मी म्हटलं, वारा बरण्यांत जपलेल्या आहेत, एकेक मी स्वतः बघेन. चूक त्या परिचारिकांची नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणणार नाही.

लोभ आहेच, माझ्या बावळटपणाने तो आटू नये.
तुझी,
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हसताना ह्यांचा चष्मा पडला. सल्ला माझा होता, पण अक्कल तर तुझीच होती ना?

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. एकतीस वर्षांपूर्वी मला कोणी असा फॉर्म दिला असता, तर मीही ‘गुरुवार’च लिहिलं असतं. माझ्या त्या पहिल्या बाळाचं मला तेवढंच ठाऊक आहे. ते रडलंच नाही, आणि त्याची वार कोणी बघितली नाही.

एक विचारते. आजवर धीर झाला नाही. आठवा महिना होता आणि आदल्या दिवशी मी कापसाची गादी गच्चीवर नेली होती. घरात कोणी बोललं नाही, पण मी मनाशी धरून बसले. लेकीचा जिना बंद केला तो त्यामुळेच. गादीमुळे झालं का ते? माझी समजूत घालू नकोस, खरं काय ते लिही.

तुझी,
ताई

१७ मार्च

ती. स्व. सौ. ताईस,
सा. न.

खरं तेच लिहिते. तुझी वार मी पाहिलेली नाही, त्यामुळे शपथेवर कारण सांगता येणार नाही. पण गादी उचलल्याने असं होत नाही, हे शपथेवर सांगते.

मी चौदा वर्षांची होते. तुझे पाय इतके सुजले होते की चपला चढत नव्हत्या. डोकं धरून बसायचीस, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणायचीस. हा वाढलेला रक्तदाब. पहिल्या चार-पाच महिन्यांत वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या नीट रुंदावल्या नाहीत, की बाळ आत उपाशी राहतं. तुझं तसंच झालं असावं. त्यात तुझा काहीही दोष नव्हता, ताई. तेव्हा कोणी तुझा रक्तदाब मोजला असता तर, एवढंच मला वाटत राहतं. हे काम मी धरलं ते त्यामुळेच. तुला सांगायचा धीर मलाही झाला नाही.

भाचीचा जिना मोकळा कर. दर पंधरा दिवसांनी तिचा रक्तदाब मोजून घेत जा, आणि डोकं दुखलं किंवा काजवे दिसले तर तडक दवाखाना गाठा.

तुझी,
धाकटी

२५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

लेकीचा रक्तदाब चांगला आहे. ती खाली जाऊन फिरून आली. मी खिडकीत उभी होते, पण हाक मारली नाही.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यात थांबले. मग ह्यांनीच ते घेतलं, दोनदा वाचलं आणि रडू लागले. म्हणाले, गादीला ऊन दाखव असं मीच तुला सांगितलं होतं.

धाकटे, मी हे साफ विसरले होते. त्यांना मात्र वाटत होतं की मी सगळं गिळून त्यांना सांभाळून घेते आहे. लग्न झाल्यावर पहिलं वर्ष सोडलं, तर आमच्या घरातल्या गाद्या तेच गच्चीवर नेतात. मी आपली सगळ्यांना सांगत आले, नवरा कामसू मिळाला.

आम्हा दोघांवर माया असू दे.
तुझी,
ताई