ईराचं ढालीचं पान

रविवार, ८ फेब्रुवारी. मोहाली

सेक्टर २२ मधल्या पत्त्यांच्या स्पर्धेत आज पंच मी होतो, आणि शेवटचा डाव माझ्याच ईराचा. समोरच्या मुलीने हल्ला जाहीर केला. ईरा क्षणभर थांबली, मग तिने हल्ला अडवणारं ढालीचं पान टाकलं. मी म्हणालो, "उशीर झाला, पान उचल." ती हरली.

घरी येऊन नियम वाचले. हल्ल्याचे गुण मोजेपर्यंत ढाल टाकता येते. पान बरोबर होतं. नियमांची पुस्तिका खिशातच होती, मग उघडली का नाही? लोक बापाला पक्षपाती म्हणतील म्हणून?

ईराला सांगितलं. म्हणाली, "पता था, बाबा. कोई और होती तो आप किताब देख लेते."

माहीत होतं, तर तिथे गप्प का बसली? विचारायचं धाडस झालं नाही.