टाकीवरचा कंदील

पोखर्णी. मंगळवार, दिवेलागणीला.

गोबरगॅसच्या टाकीत गाळ साचलाय, तो काढून शेतात खताला टाकायचा म्हणून यांनी आज वरचं झाकण काढलं. मी शेणाची पाटी घेऊन गेले, तर हे दोरीला कंदील बांधून बसलेले.

"विहिरीत उतरताना सोडतो तसाच. इझला तर हवा खराब, उतरायचं न्हाई."

हातात काडेपेटी. एक काडी ओढून झालेली, सादळलेली म्हणून पेटली नव्हती. दुसरी बोटात.

"अवो, याच गॅसवर आपला चहा व्हतो!" मी ओरडले, काडेपेटी हिसकावली. हे पांढरेफटक.

ती पहिली काडी कोरडी असती तर?

आत्ता सासूबाईंनी देवापुढं दिवा लावायला काडेपेटी मागितली. माझी मूठ उघडेचना.