कोलाडचा फॉर्म

नाशिक रोड,
रविवार

प्रिय वाल्मीक,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही हे फाडून टाकलं नाहीस, म्हणजे निम्मं काम झालं. तीस किलोमीटरवर पिंपळगावात राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहिणं हा येडेपणाच, पण सहा वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस आणि समोर येऊन बोलायची माझी हिंमत होत नाही. आईला भेटायलाही तू माझी प्रेसमधली ड्यूटी बघून येतोस. घरी आल्यावर टेबलावर द्राक्षांची पेटी दिसली की मला कळतं.

सध्या माझं डोकं पार चक्रावलंय. आईला पंचाहत्तर पूर्ण होताहेत. आमच्या सृष्टीने जाहीर केलं की हॉल नको, केटरर नको, आजीला घेऊन सगळ्यांनी कोलाडला राफ्टिंगला जायचं. धरणातून पाणी सोडलं की रबरी नावेत बसून उसळत्या नदीतून खाली यायचं, असा तो प्रकार. मी लेकीला हो म्हणून बसलो आणि फसलो. पहिला घोळ आईच्या वयाचा. साठीपुढच्यांना ते मोठ्या लाटांत नेत नाहीत. आईचं आधार काढताना कोणीतरी अंदाजाने एक जून टाकला आणि सालही अंदाजानेच, त्यामुळे कागदावर ती एकोणसाठ वर्षांची आणि मी चौपन्न वर्षांचा. फोनवरची बाई मला विचारते, सर, या तुमच्या मोठ्या बहीण का? आई मात्र खूश. म्हणते, सरकारनंच लिवलंय ना, मंग तू कोण नाय म्हणणारा? लय हौस हे मला. शेवटी मी खरं वय सांगून टाकलं. आता तिला खालच्या शांत पाण्यात नेणार आहेत, म्हणून ती दोन दिवस माझ्यावर फुगलीय. गंमत म्हणजे आमच्यात पोहता येतं ते तिला एकटीलाच, विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलेली ना.

बाकीच्यांचं विचारूच नकोस. आपले मेहुणे, पल्लवीचे योगेशराव, त्यांचं वजन एकशे बारा किलो. जॅकेटचा पट्टा लागेल की नाही याची त्यांना धास्ती, पण सांगतात कंबरदुखीचं. त्यांच्या मयूरचं कानातलं मशीन पाण्यात काढावं लागणार, मग नावाड्याची हाक त्याला ऐकू कशी येणार? सृष्टीने त्याच्यासाठी हाताच्या खुणा ठरवल्यात. रोज संध्याकाळी आम्हाला हॉलमधल्या गादीवर बसवते, हातात झाडू देते आणि वल्हवायला लावते. तुझ्या वहिनीचा गुडघा, तिची वेगळीच तऱ्हा. लाटांत कोण आणि शांत पाण्यात कोण, ही यादी मी सात वेळा बदललीय. मी स्वतः आईजवळ बसू की पोरांजवळ, तेही ठरत नाही.

काल सृष्टी आम्हाला नियम शिकवत होती. कोणी पाण्यात पडलं की लगेच ओरडून सगळ्यांना सांगायचं, पुढचं पुढे. माझा झाडू हातातच राहिला. मी त्या दिवशी नेमकं उलटं केलं होतं. बाबा पहाटेच गेले होते. तू इंदूरहून टेम्पो घेऊन परत निघाला होतास. आपल्याकडे गेल्याचं फोनवर सांगत नाहीत, जास्त आहे, निघून ये, एवढंच म्हणतात. मीही तेच म्हणालो. हायवेला एकटा गाडी चालवतोय, त्याचे हात थरथरायला नकोत, एवढंच माझ्या मनात होतं. तू धुळ्याला थांबून, झोपून झोपून बाबांच्या पाठीला झालेल्या जखमांसाठी हवेची गादी घेतलीस. ती बगलेत धरून अंगणात आलास तेव्हा तिरडी बांधून झाली होती. साऱ्या गावाला ठाव, अन् मलाच नाय, एवढंच बोललास. मी मात्र आल्यागेल्याला सांगत राहिलो, रीतच तशी आहे. रीत होती हे खरं. पण तू धुळ्याच्या दुकानात उभं राहून, बाबांना कोणती गादी मऊ लागेल हे हाताने दाबून बघत असशील, हे मनात आलं की माझं मलाच काही कळेनासं होतं.

आता पत्राचं कारण सांगतो. फॉर्ममध्ये शेवटचा एक रकाना आहे. काही बरंवाईट झालं तर कळवायचं कोणाला, त्याचं नाव. माणूस रक्ताच्या नात्यातला हवा आणि सहलीत नसलेला हवा. आई, पल्लवी, पोरं, सगळीच येताहेत. दोन दिवस पेन धरून बसलो होतो. आज तुझं नाव लिहिलं, पुढे नातं लिहिलं, भाऊ. रकान्यात जागा नव्हती, तरी खाली बारीक अक्षरात एक ओळ घातली, की याला सगळ्यांच्या आधी सांगावं, फोनवरच सांगावं आणि जे असेल ते खरं सांगावं. माझं चुकलं रे.

तुझाच,
शेखरदादा