कालव्यात गेलेला हनुमान आणि माझी दोन लेकरे

मी, साखराबाई आश्रुबा गर्जे, वय वर्षे बासष्ट, धंदा शेती व शेळ्या राखणे, राहणार डोंगरवाडी, तालुका आष्टी, जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या भिडेखातर नव्हे, तर माझ्या मनाने हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. लिहिणारे परमेश्वर सानप यांना सांगितले आहे की माझे बोलणे नीट करा, पण गाळू नका. पती वारले आहेत. मुलगा भागवत व मुलगी शिवकन्या हे दोनच वारस.

कलम १. गावातले पत्र्याचे घर शिवकन्येला द्यावे. भागवतची संमती आहे. दिल्या घरच्या लेकीला घर कशाला, असे लोक म्हणतील, म्हणून कारण लिहिते.

बाळंतपणानंतर तिला झोप लागेना. बाळाचा श्वास चालतो का, हे नाकाशी बोट धरून पाहत बसायची. सासरचे म्हणाले, बाहेरचे झाले, भुताने धरले. भागवतने तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाईंनी विचारले, घरात आणखी कोणाला अशी भीती वाटते का? तेव्हा भागवतच म्हणाला, "मला वाटते." कोणी फोन उचलला नाही की त्याची छाती धडधडते. पुण्याची नोकरी त्याने त्यापायीच सोडली, हे मला तिथे कळले.

घरी आल्यावर शिवकन्येने विचारले, "आई, तू लहान असताना काय झालतं गं?"

"काई न्हाई," मी म्हणाले.

शेजारीण वच्छलाबाई बसली होती. ती म्हणाली, "सांग की आता. कुनासाठी ठेवतीस?"

मग सांगितले. मी आठ वर्षांची होते. आईवडील ऊस तोडायला फडात गेलेले. फडाजवळच्या आमच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या खोपटापाशी, मी भाकरी करत होते आणि धाकटा भाऊ हनुमान माझ्यापाशी खेळत होता. तवा उतरवून वळले तर तो नाही. कालव्यात बुडालेला सापडला. आई एवढेच म्हणाली, "तुला येवढंबी जमलं न्हाई?" दुसऱ्या दिवशी ती फडात गेली, मी भाकरी केल्या. घरात पुन्हा त्याचे नाव कोणी घेतले नाही, आणि मला कोणी जवळ घेतले नाही.

माझी लेकरे झाली तेव्हा कामाच्या वेळी भागवतला लुगड्याच्या चिंधीने बाजेला बांधून ठेवी. शाळेतून यायला उशीर झाला की मारी, मग दिवसदिवस बोलत नसे. मला वाटे, मी सांभाळते आहे. पुढच्या खेपेला हे सारे डॉक्टरीणबाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, तुमची भीती लेकरांत उतरली. यावर इलाज आहे. दोघांनाही त्यांनी गोळ्या सुरू केल्या.

तरी सासरी जड जाईल त्या दिवशी शिवकन्येने कोणाला न विचारता या घरात यावे. दोघांनीही गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नयेत, कोणी काही म्हणो.

कलम २. शेळ्या वच्छलाबाईला. म्हणूनच तिची साक्ष घेतलेली नाही.

कलम ३. चुलतभाऊ त्रिंबक दर लग्नात "हिनं भाऊ बुडवला" असे हसत सांगे. त्यामुळे मी लेकरांना माहेरी नेले नाही. माझ्या मातीला त्याला बोलावू नये. आलाच तर चहा द्यावा, बोलू देऊ नये.

कलम ४. शेत व विहीर भागवतला. विहिरीवर मी लोखंडी जाळी बसवली होती, ती गेल्या चैत्रात मीच काढायला लावली. शिवकन्येचा बजरंग आता सहा वर्षांचा आहे. त्याला पोहायला शिकवायचे ठरले, पण शिकवणार कोण? भागवतला मी कधी पाण्याजवळ जाऊच दिले नव्हते. शेवटी शेजारच्या आदिनाथने मामाभाच्यांच्या पाठीला रिकामे डबे बांधून दोघांना एकदमच पाण्यात उतरवले. लोक हसले. भागवतही हसला.

शिवकन्या काठावर उभी होती. म्हणाली, "आई, बघवत न्हाई."

मी म्हणाले, "मलाबी न्हाई. हात धर."

दोघी शेवटपर्यंत बघत उभ्या राहिलो. माझ्यामागे हे पोहणे बंद पडू देऊ नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

साखराबाई आश्रुबा गर्जे, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: १) परमेश्वर सानप २) आदिनाथ खाडे
डोंगरवाडी, दि. १४ मे २०२५