नौम व्याह्यांचं स्कोप्येदर्शन

तीर्थस्वरूप दोब्रिलाताईस, धाकट्या किरोचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे तुझ्यासारखेच कुरकुरतात. घराण्याचा तेवढाच वारसा.

तुझ्या एलित्साचे होणारे सासरे नौम शनिवारी ओह्रिडहून आले. राजधानी पसंत पडली तर मुलाला इथली नोकरी घेऊ देणार, नाहीतर दोघांनी लग्नानंतर तिकडे ओह्रिडच्या सरोवराकाठीच राहायचं, असा त्यांचा हट्ट. पोरीचा जीव इथे अडकलाय, हे मी विसरलो नव्हतो. पण ताई, त्यांना पाठवायला तू नेमका सप्टेंबरातला शनिवार निवडलास! त्या दिवशी स्कोप्येत शहर कोण बघतं? इमारतीइमारतीमागे चुली पेटलेल्या, लाल ढोबळ्या मिरच्या भाजून-सोलून वर्षभराची आयवरची चटणी आटवणं चाललेलं. रात्काने (तुझी भावजय तुला ठाऊकच आहे) त्यांना दारातच ॲप्रन बांधला आणि हाती लाकडी उलथणं दिलं.

"तो दगडी पूल कधी बघायचा?" त्यांनी बिचकत विचारलं.

"हे घट्ट झालं की," रात्का म्हणाली.

मग मी बसल्या जागेवरूनच शहर दाखवलं. पूल त्या बाजूला, खाली वार्दर नदी, पुतळे सगळीकडे (ते कुठे पळून जाताहेत?). तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या लेन्काआजी डोकावून "पातळ आहे" म्हणून गेल्या. शेजारचा रमीझ दुकान बंद करून आला नि म्हणाला, "वांगं नाही? मग हे काय आजाऱ्याचं जेवण!" नौम उलथणं उगारून उठले. "वांगं घालणाऱ्याच्या घरचं मी पाणी पिणार नाही!" झालं, जुंपली. मग राकियाची बाटली आली, मग दोघं गळ्यात गळे घालून गायले.

संध्याकाळी नौम डोळे पुसत (धुरामुळे, असं ते म्हणाले) बोलले, "आमच्याकडे सरोवर आहे हो, पण भांडायला कोण येतं? ही गेल्यापासून मी विकतचंच खातो. राहू दे पोरांना इथे." मला भरून आलं, ताई.

तुझा किरो

ता. क. भांडणात ढवळायचं राहिलं आणि आयवर तळाला लागलं. रात्काला पत्ता नाही. तुझ्या आयवराच्या बरण्या बसच्या ड्रायव्हरबरोबर गुपचूप पाठव. एक नौमना द्यायची कबूल केली आहे.

आणखी ता. क. (अक्षर रात्काचं) वन्सं, मला नाक आहे. बरण्या नकोत, मिरच्या घेऊन तुम्हीच या, शनिवारी पुन्हा चूल पेटवू. नौमही येताहेत. तुम्ही आयवरात वांगं घालता, हे लग्न लागेपर्यंत त्यांना कळता कामा नये.